घरचा खर्च धंद्यात टाकता येतो का? पुण्यातल्या छोट्या धंदेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जून-जुलै आला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कोणी भोसरीत वर्कशॉपवाला, कोणी कोथरूडला घरून काम करणारा फ्रीलान्सर, कोणाचं रविवार पेठेत दुकान. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं असतं की घर आणि धंदा एकत्र करून टॅक्स किती वाचेल. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कलमांचे नंबर १९६१ च्या कायद्यातले दिलेत कारण लोकांच्या तोंडात तेच बसलेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ आलाय आणि त्यात नंबर बदललेत, पण खाली लिहिलेल्या गोष्टींचं मूळ तत्त्व तेच आहे.

घरचा खर्च धंद्यात दाखवला की टॅक्स वाचतो म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. कलम ३७ सांगतं की खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी झालेला हवा, खाजगी नको आणि भांडवली (टिकाऊ मालमत्ता घेण्याचा) पण नको. म्हणजे घरचा किराणा धंद्यात येत नाही, विषय संपला. पण काही वस्तू दोन्हीकडे वापरल्या जातात, गाडी, घरातली खोली, लॅपटॉप वगैरे. तिथे जेवढा वापर धंद्याचा तेवढा हिस्सा मिळतो, घर-मशीन-फर्निचरसाठी कलम ३८ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि गंमत बघा, लोक मुलाचे बूट आणि घरचा मिक्सर खर्चात घुसवायला धडपडतात, पण हा हक्काचा हिस्सा कोणी मागतच नाही, कारण त्याला थोडं लिहून ठेवावं लागतं.

अजून एक. खर्च 'गरजेचा' होता हे सिद्ध करायची सक्ती नाही. ससून डेव्हिड केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७९ लाच सांगितलंय की खर्च धंद्यासाठी केला असेल तर पुरे, तो टाळता आला असता का हे बघायचं नाही. तुम्ही ऑफिसला साधी खुर्ची घ्यायची की भारी हे आयकराचा साहेब ठरवत नाही. खुर्ची ऑफिसमध्ये आहे का एवढंच तो बघणार.

मी ४४एडी मध्ये रिटर्न भरतो, मग गाडीचं पेट्रोल वेगळं दाखवू का?

नाही. इथेच निम्म्या लोकांचा गोंधळ होतो. ४४एडी म्हणजे छोट्या धंद्यासाठी ठरावीक टक्क्याने नफा धरायची स्कीम: उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायचा. बाकी सगळा खर्च, घसारा (वापरामुळे वस्तूची दरवर्षी कमी होणारी किंमत) धरून, त्यातच मिळाला असं कायदा मानतो. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, आयटीवाले यांना ४४एडीए, तिथे ५० टक्के. त्यामुळे तुम्ही या स्कीममध्ये असाल तर बिलं गोळा करून आयकरात एक रुपयाही जास्त वाचत नाही.

आणि बऱ्याच जणांसाठी ही स्कीमच सगळ्यात स्वस्त पडते. बाणेरचा एखादा फ्रीलान्स डेव्हलपर धरा, वर्षाला २४ लाख जमा, दुसरं उत्पन्न नाही. ४४एडीए मध्ये उत्पन्न झालं १२ लाख, आणि २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये (बहुतेक वजावटी नसलेली कराची नवी पद्धत) १२ लाखांपर्यंत रिबेट (टॅक्समधली सूट) धरून टॅक्स शून्य. त्याने आता घरभाड्याचा हिस्सा काढत बसायचं कशाला? ज्याचा खरा खर्च ५० टक्क्यांच्या वर जातो त्याने हिशोबाची वही ठेवावी. मात्र ४४एडी मध्ये एकदा शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत आत येता येत नाही, वर ऑडिट लागू शकतं, त्यामुळे दरवर्षी उडी मारायचा प्रकार करू नका.

नव्या रिजीममध्ये सगळ्या वजावटी गेल्या ना, मग धंद्याचा खर्च पण गेला?

नाही हो. गेलं ते ८०सी (एलआयसीसारखी बचत), ८०डी (आरोग्य विमा), राहत्या घराच्या कर्जाचं व्याज वगैरे. धंद्याचा खर्च, घसारा, कामगारांचा पगार हे नफा काढतानाच वजा होतं, ते दोन्हीकडे मिळतं. उलट एलआयसीचा हप्ता भरून काही मिळत नाही म्हटल्यावर हिशोब नीट ठेवणाऱ्याचा फायदा वाढलाय. एक सावधगिरी, धंदेवाल्याला नोकरदारासारखं दरवर्षी रिजीम बदलता येत नाही. जुनीत जायला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि एकदा नव्यात परत आलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनी नाही.

जमेल तेवढा नफा कमी दाखवावा, नुकसान काय त्यात?

टॅक्स लागतच नसताना नफा कमी दाखवायचा हट्ट मला कधी कळलेला नाही. तुमचं निव्वळ उत्पन्न ९ लाख, नव्या रिजीममध्ये टॅक्स शून्य, मग त्यात घरचा खर्च घालून ६ लाख केलं तर वाचलं काय? शून्याचं शून्यच. आणि दोन वर्षांनी वाकडला नाहीतर सिंहगड रोडला फ्लॅट बघायला जाल तेव्हा बँक शेवटच्या दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते आणि त्या ६ लाखांवर कर्ज मोजते. मग धावत येतात, "काहीतरी करून मागचे रिटर्न वाढवून द्या". ते तसं होत नसतं.

मी घरून काम करतो, घरभाडं दाखवता येईल का?

येईल, हिस्सा. समजा कोथरूडला भाड्याचा टू बीएचके, कार्पेट ७०० फूट, भाडं २८ हजार, आणि १०० फुटांची एक खोली फक्त कामाला, टेबल-संगणक-फायली. म्हणजे सातवा हिस्सा, महिना ४ हजार, वर्षाला ४८ हजार. त्याच हिशोबाने लाईट बिल आणि मेंटेनन्स. इंटरनेटचा हिस्सा मात्र वापरावरून ठरवा, दिवसभर मीटिंग चालू असतात तर सत्तर-ऐंशी टक्के म्हणणं गैर नाही. खोलीचा फोटो आणि एका कागदावर मोजमाप काढून ठेवा. डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडतो म्हणून अख्खा हॉल ऑफिस होत नाही.

घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं देता येत नाही, काही जण तसं व्हाउचर बनवतात ते हास्यास्पद दिसतं. मेंटेनन्स, वीज, दुरुस्ती, प्रॉपर्टी टॅक्स यांचा हिस्सा घ्या. घराच्या त्या खोलीवर घसारा घ्यायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, घर विकताना तेवढ्या भागाचा नफा शॉर्ट टर्म धरला जातो आणि तिथे आज वाचवलेल्यापेक्षा जास्त जातं.

घर वडिलांच्या नावावर आहे, त्यांना भाडं दिलं तर?

चालतं, आणि हा अगदी कायदेशीर मार्ग आहे. भाडेकरार करा, दर महिन्याला बँकेतून द्या, वडिलांनी त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, त्यांना ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडं मात्र त्या गल्लीत चालतं तेवढंच. नात्यातल्या माणसाला बाजारभावापेक्षा जास्त दिलं तर वरचं कलम ४०ए(२) खाली उडवतात. बायकोच्या नावावर घर असेल तर आधी बघा पैसे कोणी भरलेत. तुम्ही भरले असतील तर कायदा मालक तुम्हालाच धरतो.

सोसायटी किंवा महापालिका काही म्हणेल का?

लॅपटॉपवर काम करणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. पण जीएसटी नंबर घरच्या पत्त्यावर काढायचा तर लाईट बिल, मालकाचं संमतीपत्र लागतं आणि आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी एनओसीवरून किती दिवस घुमवेल सांगता येत नाही. बाहेर पाटी लावून गिऱ्हाईक यायला लागलं की गोष्ट बदलते. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते ती राहण्याच्या वापराला आहे. वर्षाला चार-पाच हजार आयकर वाचवायला जाऊन ती सवलत घालवण्यात अर्थ नाही.

गाडी धंद्यात घेतली तर अख्खी गाडी टॅक्समध्ये निघते, असं शोरूमवाला म्हणाला.

शोरूमवाल्याला गाडी विकायची आहे. हिशोब बघा. ९ लाखांची गाडी, घसारा १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी १,३५,०००. दिवाळीला घेतलीत म्हणजे त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर, मग निम्माच, ६७,५००. पूर्ण वर्ष धरलं आणि ७० टक्के वापर धंद्याचा असला तर ९४,५००. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून वाचले साधारण साडेएकोणीस हजार. ९ लाख खिशातून गेले तेव्हा साडेएकोणीस हजार वाचले, आणि पुढच्या वर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के म्हणून अजून कमी. गाडी हवीच होती तर हे मिळालेलं सोडू नका, पण 'टॅक्ससाठी' गाडी घेणं हा सरळ तोट्याचा धंदा आहे.

लोनचं व्याज, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, पेट्रोल याचाही त्याच प्रमाणात हिस्सा. प्रोप्रायटर असाल तर गाडी फर्मच्या नावावर की तुमच्या याने फरक पडत नाही, माणूस एकच. गाडी विकताना आलेली रक्कम शिल्लक किमतीतून वजा होते आणि जास्त आली तर त्यावर टॅक्स लागतो, हे मात्र त्या वेळी कोणालाच आठवत नाही.

७० टक्के हे आलं कुठून? कोणी मोजतं का?

तुम्हीच मोजायचं. चाकणला मंगळवारी गेलो, रांजणगावला शुक्रवारी, असं गाडीतल्या डायरीत किलोमीटर लिहा नाहीतर मोबाईलमध्ये नोंद करा. फास्टॅगचं स्टेटमेंट पण कामाला येतं, टोल कुठल्या दिवशी कुठे कापला ते त्यात असतं. अर्थात तेच स्टेटमेंट सलग पाच रविवार खेड-शिवापूरचा टोल दाखवत असेल तर उलटंही बोलतं. काहीच नोंद नसेल तर अधिकारी स्वतःच्या मनाने हिस्सा कापतो, साधारण पाचवा भाग कापल्याचं बऱ्याच ऑर्डरमध्ये दिसतं, आणि नोंद नसताना भांडायला आपल्याकडे काही नसतं.

बायकोला पगार दाखवू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ती खरंच काम करते का, हे आधी. करत असेल तरी कलम ६४ आडवं येतं: नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला मिळालेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचा, जर तो पगार तिच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञानामुळे मिळत नसेल तर. उलटं, म्हणजे बायकोचा धंदा आणि नवरा पगारावर, तरी नियम तोच.

डिग्रीच पाहिजे असं नाही, अनुभवाने आलेलं ज्ञानही कोर्टांनी मानलंय. पण १९९४ ची मुंबई हायकोर्टाची एका डॉक्टरची केस आहे, बायको दवाखान्यात रिसेप्शन आणि हिशोब बघायची, पगार शेवटी डॉक्टरांच्याच उत्पन्नात धरला गेला. त्यामुळे वहिनी आर्किटेक्ट असतील आणि इंटिरियरच्या फर्ममध्ये ड्रॉइंग करत असतील तर बिनधास्त द्या. वहिनी इतिहासात एमए आणि पगार 'मार्केटिंग हेड' म्हणून ६० हजार असं असेल तर राहू द्या. पगार द्यायचा तर बँकेतून, आणि तो तिच्या खात्यात राहायला पाहिजे. एक तारखेला जमा आणि दोन तारखेला परत नवऱ्याच्या खात्यात असलं स्टेटमेंट पाहून कोणालाही कळतं.

आणि मुलगा, आई-वडील, भाऊ?

त्यांना ६४ चं हे पगाराचं कलम लागत नाही. १८ पूर्ण झालेला मुलगा कॉलेज करून संध्याकाळी दुकानात बसतो, त्याला बाहेरचा पोरगा ठेवला असता तर जो पगार दिला असता तेवढा द्या, काही अडचण नाही. अल्पवयीन मुलाच्या नावावर एफडी करून व्याज वेगळं दाखवता येत नाही, ते आई-बाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात येतं. पोरगी स्वतःच्या कलेवर कमावत असेल, नाटकात-जाहिरातीत काम वगैरे, तर ते मात्र तिचंच.

एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) काढून धंद्याचं उत्पन्न अर्धं-अर्धं करता येईल?

वडिलोपार्जित मालमत्तेचं भाडं वगैरे असेल तर एचयूएफ छान आहे, वेगळा पॅन, वेगळा स्लॅब. पण तुमच्या स्वतःच्या डोक्यावर चालणाऱ्या धंद्याचं उत्पन्न नुसतं बिलबुक बदलून एचयूएफचं होत नाही. स्वतःचे पैसे त्यात टाकले तरी त्यावरचं उत्पन्न परत तुमच्यातच धरतात. शिवाय १२ लाखांपर्यंतचा तो रिबेट फक्त व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही. नव्या रिजीममध्ये एचयूएफचा टॅक्स ४ लाखांनंतर सुरू होतो. हे ऐकल्यावर बरेच जण बेत रद्द करतात.

प्रदर्शनासाठी परदेशात गेलो, बायकोलाही नेलं, चार दिवस फिरलो. खर्च?

भोसरीतला मोल्डवाला दर तीन वर्षांनी जर्मनीत डसेलडॉर्फला प्लास्टिकच्या 'के' प्रदर्शनाला जातो, हे शंभर टक्के धंद्याचं. तिकीट, व्हिसा, प्रदर्शनाच्या दिवसांचं हॉटेल खर्चात टाका. तिथून पुढे स्वित्झर्लंड केलं ते तुमच्या उचलीत (धंद्यातून स्वतःसाठी काढलेले पैसे), आणि बायकोचं तिकीट पण उचलीतच, ती स्वतः धंद्यात भागीदार असून मीटिंगला बसली असेल तर गोष्ट वेगळी. प्रदर्शनाचा पास, कोणाकोणाला भेटलो त्यांची कार्डं, नंतरचे ईमेल ठेवा. टूर कंपनीचं सगळं मिळून एकच बिल घेऊ नका, तिथेच घोळ होतो.

मुलाला बाहेर शिकायला पाठवतोय, कंपनीने फी भरली तर?

याच्यात पुण्याचीच एक केस आहे. सकाळ पेपर्सने संचालकाच्या मुलीचा अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्च दाखवला होता आणि १९७८ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो धंद्याचा मानला, कारण ते शिक्षण वृत्तपत्राच्या कामाशी जोडलेलं होतं. पण ही केस ऐकून उड्या मारू नका. नंतर एका फोर्जिंग कंपनीने संचालकाच्या मुलाच्या शिक्षणासाठी तेच करायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच हायकोर्टाने नकार दिला. आधी कंपनीत काम, मग कामाला धरून शिक्षण, परत येऊन काम करायचा करार, आणि इतर कर्मचाऱ्यांनाही अशी संधी, एवढं असेल तर बोला. बारावीनंतर लगेच बीबीएला लंडनला, हे बापाचं कर्तव्य आहे, कंपनीचं नाही.

मी फिट राहिलो तरच धंदा चालतो, मग जिम आणि ऑपरेशन?

ज्येष्ठ वकील शांतीभूषण यांनी हाच मुद्दा कोर्टात मांडला होता. त्यांची अमेरिकेत हृदयाची बायपास झाली होती आणि म्हणणं असं की हृदय हे माझ्या वकिलीचं 'प्लांट' आहे, त्याची दुरुस्ती हा धंद्याचा खर्च. दिल्ली हायकोर्टाने २०११ मध्ये ते फेटाळलं. हृदय सगळ्यांनाच लागतं, वकिली करा नाहीतर करू नका. त्यांच्यासारख्या माणसाला जमलं नाही ते आपल्या जिमच्या पावतीवर जमणार नाही. कपड्यांचंही तेच, फर्मचं नाव छापलेले टी-शर्ट आणि सेफ्टी शूज चालतील, लग्नासाठी लक्ष्मी रोडला घेतलेला सूट नाही.

गणपतीची वर्गणी आणि दिवाळीची मिठाई?

मंडळाची पावती फाडली ती वर्गणी, धंद्याचा खर्च नाही. त्याच मंडळाच्या कमानीवर किंवा अहवालात फर्मची जाहिरात दिली आणि पावतीवर 'जाहिरात' असं लिहून घेतलं तर तो जाहिरात खर्च, फोटो काढून ठेवा. गिऱ्हाइकांना आणि कामगारांना मिठाई दिली ती चालते, यादी ठेवा. घरी आणलेले चार बॉक्स त्यात मिसळू नका, आणि भेट दिलेल्या वस्तूंवरचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) घेऊ नका, ते मिळत नाही.

ऑनलाइन काही घेताना जीएसटी नंबर टाकला की १८ टक्के परत मिळतात ना?

टाकता येतो म्हणून घेता येतं असं नाही. घरच्या वापराच्या वस्तूवर क्रेडिट बंद आहे, कारवर सर्वसाधारणपणे बंद, हॉटेलातल्या खाण्यावर बंद, क्लबच्या मेंबरशिपवर बंद. वॉशिंग मशीन फर्मच्या नंबरवर घेतलं तर ते २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत) सरळ दिसतं, आणि तुम्ही विकता स्टेशनरी. काढून घेतलेलं क्रेडिट व्याजासकट भरावं लागतं.

वेगळं बँक खातं पाहिजेच का?

प्रोप्रायटरला कायद्याने सक्ती नाही पण घ्याच. धंद्याच्या यूपीआयवरून दूधवाला, क्लासची फी आणि सप्लायर असे एकाखाली एक दिसले की प्रत्येक ओळीचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. महिन्याला एक ठरावीक रक्कम उचल म्हणून घरच्या खात्यात टाका आणि घर त्यातून चालवा. यात आणखी एक गोष्ट, उचल अगदीच किरकोळ दाखवली तर साहेब विचारतो की चार माणसांचं घर ८ हजारात चालतं कसं.

रोखीने दिलं तर?

एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलं की तो खर्च पूर्ण बाद, खरा असला तरी. ट्रान्सपोर्टवाल्याला ३५ हजारांपर्यंत चालतं. कपाट, संगणक असल्या वस्तू १० हजारांच्या वर रोखीने घेतल्या तर घसाराही नाही.

खाजगी खर्च दाखवला आणि सापडलं तर काय होतं?

टॅक्स आणि व्याज तर आहेच. वर दंड, उत्पन्न कमी दाखवलं म्हणून त्या टॅक्सच्या ५० टक्के. खोटी बिलं, खोट्या नोंदी निघाल्या तर २०० टक्के. स्क्रुटिनी आता फेसलेस आहे, समोर बसून चहा पिऊन समजावायची सोय राहिली नाही, जे काही आहे ते कागदावर अपलोड करायचं. म्हणून बाजारात टक्केवारीवर बिलं देणारे जे फिरतात त्यांना दारात उभं करू नका, त्यांच्यावर धाड पडली की त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला नोटीस जाते.

कागद किती वर्षं ठेवायचे?

हिशोबाच्या वह्या आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं, मी आठ सांगतो म्हणजे जीएसटीचंही भागतं. पेट्रोल पंपाची पावती चार महिन्यांत पांढरी फटक पडते, त्यामुळे त्याच दिवशी मोबाईलने फोटो काढा आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. मार्चअखेर पिशवीभर पावत्या आणून टेबलावर ओतल्या तर त्या लावायचे पैसे वेगळे पडतात.